स्केलबेकचा दिवस

छत्तीस नंबरच्या बसमधून डोरीन लम उतरली आणि रोझलिंड हेगच्या मनात पहिलं आलं ते हे, की आपण पलीकडच्या फुटपाथवर असतो तर बरं झालं असतं. असं मनात आल्याची तिला लगेच लाजही वाटली. जिच्याबरोबर अकरा वर्षं रोज सकाळी प्रार्थनेला बसलो तिला टाळावंसं वाटतं, म्हणजे आपलं झालंय तरी काय? पण टाळायला सवडच मिळाली नाही. डोरीनने एक्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना एकेक करून पायरी उतरायला लावली, काठी टेकली आणि मान वर करून नेमकं तिच्याकडेच पाहिलं. नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला ॲल्डरकास्टरच्या बसस्थानकात शंभरेक माणसं असतात. त्यात गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी लावलेली बाई एकच असते, ती लपणार कुठे?

"बरं झालं बाई, इथेच भेटलात," डोरीन म्हणाली. "तुमच्या त्या ऑफिसात लिफ्टने जावं लागतं आणि मला लिफ्टचा तिटकारा. पाळकबाई, हे बघा जरा."

रोझलिंडला स्केलबेक सोडून दहा वर्षं होऊन गेली होती. आता ती आर्चडीकन होती, बिशपच्या हाताखाली धर्मप्रांतातल्या निम्म्या, म्हणजे एकशे चाळीस चर्चांची देखरेख करणारी. पाळकांच्या नेमणुका, भांडणं, छपरं, पन्हळी, चांदीच्या पेल्यांच्या याद्या, सगळं तिच्याकडे. जुन्या पुस्तकांत आर्चडीकनला बिशपचा डोळा म्हणतात. हा डोळा बहुतेक वेळ गळक्या पन्हळींकडेच बघत असतो, असं ती स्वतःच जेवणाच्या टेबलावर सांगायची आणि लोक हसायचे. सगळा धर्मप्रांत तिला आर्चडीकन म्हणून हाक मारी. डोरीनने मात्र तिला बढती दिलेली नव्हती.

पिशवीतून निघालं ते पुढच्या वर्षाचं प्रार्थनेचं पुस्तक, पातळसं, निळ्या पुठ्ठ्याचं. धर्मप्रांतातल्या प्रत्येक चर्चला वर्षातला एकेक दिवस वाटून दिलेला असतो. त्या दिवशी बाकी सगळ्यांनी त्या एका चर्चसाठी, तिथल्या माणसांची नावं घेऊन, प्रार्थना करायची. पुस्तक दर नोव्हेंबरात ऑफिसातून सगळीकडे जातं. कुठे ते वापरतात, कुठे कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवतात. डोरीनने एका पानाशी विणायची सुई घालून ठेवली होती.

"पाच ऑगस्ट," ती म्हणाली. "ऑस्वाल्ड संताचा सण. आपल्या चर्चचं नाव ऑस्वाल्डचं, म्हणून आपला दिवस तोच, माझ्या आईच्या वेळेपासून. आता वाचा काय लिहिलंय."

रोझलिंडने वाचलं. पाच ऑगस्ट, स्कॅरोबी.

"मला वाटलं, दुसरा दिवस दिला असेल. म्हणून एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत वाचलं. भिंग घेऊन वाचलं. आपण नाहीच कुठे." डोरीनच्या आवाजात तक्रार नव्हती, घरात चष्मा सापडत नाही हे जसं माणूस सांगतो तसं ती सांगत होती. "छपाईची चूक असणार. हो ना?"

"बघते मी," रोझलिंड म्हणाली.

"मी साडेबाराला कॅथीड्रलच्या उपाहारगृहात सूप प्यायला बसेन. आधी डोळे तपासायचेत. दीडची बस आहे." डोरीनने सुई पुन्हा पानात घातली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. "तुम्ही वाळलात पाळकबाई. तुम्हाला खायला कोण घालतं?" आणि उत्तराची वाट न बघता ती काठी टेकत निघून गेली.

बघते मी. काय बघणार होती ती? बिशपच्या घराकडे चढत जाणाऱ्या दगडी रस्त्यावर रोझलिंडला ते सगळं आधीच दिसत होतं, अगदी स्पष्ट. सप्टेंबरातली ती दुपार, ऑफिसातली बंद खिडकी, समोर धर्मप्रांताचा नकाशा. सात-सात चर्चांना मिळून एक पाळक उरला होता आणि तोही पुरत नव्हता. स्केलबेक ज्यात येतं त्या बेकच्या खोऱ्यातला पाळक तर ईस्टरच्या दिवशी चौथ्या चर्चमध्ये वेदीसमोरच मटकन खाली बसला होता. प्रभुभोजनाची भाकरी हातात, आणि पुढचे शब्द काही केल्या आठवेनात. सहा आठवडे तो घरी पडून होता. त्याची बायको फोनवर रोझलिंडला म्हणाली होती, "आर्चडीकन, तुम्ही त्याला मारणार आहात, एवढं फक्त मला आधी सांगा." तेव्हा काहीतरी करायला हवं होतं हे खरंच होतं. बिशपनी सांगितलं, खोऱ्यातली बंद करायला तीन चर्चं निवडा, कच्ची यादी द्या, कोणाला दाखवू नका. तिने कोऱ्या कागदावर तीन नावं लिहिली. पेन्सिलने. पेन्सिलने लिहिलं की ठरवल्यासारखं वाटत नाही. आणि त्यात पहिलं नाव लिहिलं स्केलबेकचं.

का लिहिलं? हा प्रश्न तिने त्या दुपारी स्वतःला विचारलाच नव्हता, आणि आज चढावर दम लागलेला असताना तो आपोआप आला. स्कॅरोबीला रविवारी नऊ माणसं येतात, स्केलबेकला अकरा. स्कॅरोबीचं छप्पर गळतं, स्केलबेकचं गेल्याच वर्षी नीट केलेलं. पण स्कॅरोबीच्या चर्चचा वॉर्डन, म्हणजे मंडळींतला कारभारी, निवृत्त बॅरिस्टर आहे. तो आठवड्याला एक पत्र लिहितो, प्रती काढतो, वर्तमानपत्रात नाव येईल असं बघतो. आणि स्केलबेकची वॉर्डन डोरीन आहे. डोरीन पत्र लिहीत नाही. शिवाय आर्चडीकन आपलं जुनं चर्च सांभाळते असं कोणी म्हणू नये. हे दुसरं कारण तिने त्या दुपारी स्वतःला मोठ्याने सांगितलं होतं आणि त्याचा थोडा अभिमानही बाळगला होता. पहिलं कारण तिने सांगितलं नव्हतं. आता दोन्ही शेजारी शेजारी उभी राहिली आणि तिला कळलं, की आपण निःपक्षपाती वगैरे काही नव्हतो. जिथून आवाज येणार नाही तिथे हात टाकला, एवढंच. आपल्याच माणसांना गृहीत धरावं, तसं.

बिशपच्या घरी मंगळवारची बैठक जेवणघरात होते, कारण ते एकच दालन गरम राहतं. भिंतीवर जुने बिशप ओळीने टांगलेले, सगळे गुबगुबीत आणि नाराज. आत्ताचे बिशप, क्लाइव्ह रेडमेन, त्यांच्याखाली नाक पुसत बसले होते. चौपन्न वर्षांचे, पोहणाऱ्या माणसाच्या खांद्यांचे, पण दोन वर्षांत ते खांदे खाली आले होते. सर्दी त्यांना बारा महिने असे. चहा स्वतः करून सगळ्यांना ते स्वतः देत. आल्या दिवसापासूनची त्यांची ती पद्धत, आणि चहा दर वेळी पांचट. समोर नील प्रोथेरो, धर्मप्रांताचा सचिव. बिशप आशीर्वाद देतात आणि नील कुलपं लावतो, असं पाळक लोक पाठीमागे म्हणत. तो मुळात वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसलेली आवडायची.

प्रार्थना झाली. मग रोझलिंडने सांगितलं. नीलने लॅपटॉप उघडला, काहीतरी शोधलं आणि त्याचे कान लाल झाले.

"प्रसिद्धी विभागाने चर्चांची नवी यादी मागितली होती," तो म्हणाला. "मी शेवटची होती ती पाठवली. शेवटची म्हणजे, आर्चडीकन, तुमच्या कागदावरून मी जी केली होती ती. तीन कमी असलेली."

"म्हणजे तिघांनाही गाळलंय?" रोझलिंडने विचारलं.

"इतर दोघांनी अजून पाहिलं नसावं. ते बहुधा पुस्तक उघडतच नाहीत."

बिशपनी डोळे मिटले. ते प्रार्थना करतायत की वैतागलेत हे मिटलेल्या डोळ्यांवरून कधीच कळत नसे. कदाचित त्यांनाही कळत नसावं. "आपण अजून कोणाला विचारलेलंच नाही," ते हळू म्हणाले. "जानेवारीत विचारणार होतो."

आणि हीच खरी मेख होती. चर्च बंद करायचं तर आधी तिथल्या माणसांना विचारायचं, त्यांचं ऐकायचं आणि मग ठरवायचं, असा नियम. आधी ठरवून मग ऐकल्याचं सोंग केलं हे उघडं पडलं, तर स्कॅरोबीच्या बॅरिस्टरला जन्माचं काम मिळालं असतं. सगळा आराखडा कोर्टात गेला असता. नव्या नेमणुका थांबल्या असत्या आणि बेकच्या खोऱ्यातल्या त्या पाळकाला पुन्हा एका रविवारी चार चर्चांत उभं राहावं लागलं असतं. नील हे सगळं सांगत होता आणि सगळं खरं होतं. रोझलिंडला गरम हवेने झापड येत होती. कपातला चहा निवत होता. तिला वाटलं, इथे या टेबलावर डोकं ठेवावं आणि जुन्या बिशपांनी काय बघायचं ते बघावं.

"कोणी विचारलंय?" बिशपनी विचारलं.

"स्केलबेकच्या मिसेस लमनी."

"त्याच ना, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी टोपी सरळ केलेल्या?"

"त्याच."

बिशप किंचित हसले आणि मग हसू पुसून टाकल्यासारखं नाक पुसलं. "रोझलिंड, मी खोटं बोला म्हणत नाही. छपाई झाली आणि तीत चूक झाली, दोन्ही खरं आहे. दुरुस्तीची चिठ्ठी छापू, तिन्ही नावं परत घालू, जानेवारीत व्यवस्थित विचारू. कदाचित त्या सगळ्यातून स्केलबेक वाचेलही. कोणाला माहीत?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

"नाही," ते म्हणाले. "पण मला तसं वाटायला हवं आहे. तुमच्यावर सोपवतो. ती बाई तुमचं ऐकेल." पुढचा विषय कबरस्तानातल्या झाडांचा होता.

ती बाई तुमचं ऐकेल. झाडांवर चर्चा चालली होती आणि रोझलिंड खिडकीबाहेर ओल्या हिरवळीकडे बघत एकवीस वर्षं मागे गेली होती. स्केलबेकला ती रुजू झाली तो दिवस. तेव्हाचा आर्चडीकन, म्हातारा, दमेकरी, त्याने तिचा हात धरून चर्चच्या किल्लीवर ठेवला होता आणि मग तिला घंटेच्या दोराशी नेलं होतं. नव्या पाळकाने घंटा वाजवायची. जितके टोले तितकी वर्षं तो टिकणार, असं लोक मोजत बसतात. आठ टोल्यांत तिचे हात भरून आले. मागून कोरडा आवाज आला, "आठच का?" वळून बघते तर काळा कोट घातलेली, हाताची घडी घातलेली एक बाई. रोझलिंडने दात खाऊन आणखी तीन मारले. अकरा वर्षं राहिली. नंतर कधीतरी दोघी यावर हसल्या होत्या, पण त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. बाई पाळक म्हणून येणार हे कळल्यावर निम्मी मंडळी शेजारच्या गावी जायला लागली होती. डोरीनलाही ते पटलेलं नव्हतं आणि तिने ते पहिल्याच रविवारी दारात सांगितलं. "बाईच्या हातचं प्रभुभोजन मला चालत नाही. पण चर्चला कुलूप लागलेलं त्याहून चालत नाही. तेव्हा मी येणार, घंटा वाजवणार, फुलं ठेवणार. तेवढं मात्र घेणार नाही."

आणि वर्षभर तिने तसंच केलं. दर रविवारी सगळे उठून वेदीशी जात आणि डोरीन पहिल्या बाकावर ताठ बसून राही. रोज सकाळी आठला मात्र ती हजर असे, पाऊस असो, बर्फ असो. थंडगार चर्चमध्ये दोघीच. रोझलिंड ते निळं पुस्तक उघडून वाचायची, आज अमक्या चर्चसाठी, तिथल्या अमक्या पाळकासाठी, आणि डोरीन खणखणीत आवाजात आमेन म्हणायची. कधी न पाहिलेल्या गावांसाठी. प्रार्थना झाली की कधीकधी विचारायची, "हे मॉस्टन कुठे आलं हो? तिथे लोक कसे आहेत?" आणि रोझलिंडला माहीत नसायचं. माहीत नसलेल्या माणसांसाठी रोज कोणीतरी उठून थंडीत बसतं, यात काहीतरी आहे, असं तिला त्या पहिल्या हिवाळ्यात वाटलं होतं. ज्या हिवाळ्यात तिचं स्वतःचं मन पार सुकून गेलं होतं आणि राजीनाम्याचं पत्र टेबलाच्या खणात पडून होतं. पाच ऑगस्टला डोरीन नवी टोपी घालून आली होती. प्रार्थना झाल्यावर तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आत्ता दोनशे ऐंशी ठिकाणी आपलं नाव घेत असतील." मग जरा थांबून, "तुमचंसुद्धा." पुढच्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, पहिल्या बुधवारी, राख लावायच्या दिवशी, ती उठली, वेदीशी आली आणि गुडघे टेकून तिने दोन्ही हात पुढे केले. रोझलिंडने भाकरीचा तुकडा त्या हातांवर ठेवला. राजीनाम्याचं पत्र तिने त्याच संध्याकाळी चुलीत घातलं.

साडेबाराला उपाहारगृहात गर्दी होती. ओल्या कोटांचा आणि कांद्याच्या सुपाचा वास भरला होता. कॅथीड्रल बघायला आलेल्या निवृत्त शिक्षकांचा एक घोळका ट्रे घेऊन जागा शोधत होता. डोरीन कोपऱ्यात बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि ती सगळ्यांकडे जरा चकित होऊन बघतेय असं वाटत होतं. समोर सूप आणि दोन बन होते. त्यातला एक तिने रोझलिंडकडे सरकवला.

"खा आधी."

रोझलिंडने बन हातात घेतला. येताना तिने वाक्य तयार केलं होतं. छपाईत चूक झाली आहे, दुरुस्तीची चिठ्ठी येते आहे. सात-आठ शब्द, आणि सगळे खरे. अशी वाक्यं ती दिवसाला वीस वेळा बोलायची. कोणाला नेमणूक मिळणार नसली की म्हणायचं, बिशप तुमच्यासाठी प्रार्थना करत आहेत. कोणाचं छप्पर दुरुस्त होणार नसलं की म्हणायचं, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. यातलं एकही खोटं नव्हतं. आर्चडीकन झाल्यापासूनच्या सहा वर्षांत आपण एकही खोटं वाक्य बोललो नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याने तिला भयंकर थकवा आला, हाडांत शिरलेला.

"छपाईत चूक झाली आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीची चिठ्ठी येईल."

"बघा," डोरीन म्हणाली आणि खांदे सैल सोडून तिने चमचा उचलला. "मी हेच म्हणत होते. रविवारी हॅरॉल्डने चर्चमध्येच सुरू केलं, की आपल्याला गुंडाळायचं ठरलंय, पुस्तकातून आधी काढलंय, मग कुलूप आणतील. सगळ्यांचे चेहरे असे पडले. मी म्हटलं, हॅरॉल्ड, तू गप्प बस. तसं काही असेल तर पाळकबाई आधी इथे येतील आणि तोंडावर सांगतील. मी जबान देते, म्हटलं. तर म्हणतो, तुझी पाळकबाई आता मोठी झाली. मी म्हटलं, मोठी झाली असेल, पण ती आपल्या नकळत करणार नाही." तिने सुपाचा घोट घेतला. "मग गप्प बसला. आता तेवढं करा, त्या पानावर तुमच्या हाताने आपलं नाव लिहा आणि खाली सही करा. मी ते पान दाराशी लावते. हॅरॉल्डला येता-जाता दिसू दे."

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, सुई काढली, पान दाबून सपाट केलं आणि पर्समधून पेन काढून टोपण उघडून पुढे धरलं. रोझलिंडने ते घेतलं. ही तर साधीच गोष्ट होती. नाव परत घालायचंच होतं, बिशपनीच सांगितलं होतं; आठवड्याने छापून येणार होतं ते आज हाताने, एवढंच. तिने स्कॅरोबीच्या खाली पेनचं टोक टेकवलं. टेकवलं तिथे शाईचा ठिपका पडला आणि पसरत गेला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी सांगत होतं की इथला मनोरा आधी आणखी उंच होता. रोझलिंडला बेकच्या खोऱ्यातल्या त्या पाळकाचा चेहरा आठवला, त्याच्या बायकोचा आवाज आठवला. सही केली तर त्याला दिलासा मिळणार होता. वाईट काहीच होणार नव्हतं. जानेवारीत स्केलबेकला विचारलं जाईल, मार्चमध्ये ऐकलं जाईल, उन्हाळ्यात खेदाने कळवलं जाईल. आणि तोवर हे पान दाराशी असेल, तिच्या अक्षरात. तिने पेन खाली ठेवलं.

"मला लिहिता येणार नाही," ती म्हणाली.

"का? हात दुखतो?"

"डोरीन, ती छपाईची चूक नाही. म्हणजे छापलं ते चुकून, पण यादी खरी आहे. तीन चर्चं बंद करायचा विचार आहे, त्यात आपलं आहे. यादी मी केली. सप्टेंबरात. पहिलं नाव मीच लिहिलं."

डोरीनने चमचा ताटलीत ठेवला. आवाज न करता, जपून. औषधाने मोठ्या झालेल्या बाहुल्या रोझलिंडवर होत्या, पण तिला नीट दिसत असेल असं वाटेना. रोझलिंड बोलत राहिली. पाळक उरले नाहीत, एकाच्या गळ्यात सात-सात, तो ईस्टरला कोसळला. हे तिने सगळं सांगितलं आणि सांगताना ते खरं असूनही पुस्तकातून वाचल्यासारखं लागत होतं. मग तिने स्कॅरोबीचंही सांगितलं. तिथे नऊ आणि तुमच्याकडे अकरा, हे. तो बॅरिस्टर पत्रं लिहितो आणि तुम्ही लिहीत नाही, हे. ते सांगायला कोणी लावलं नव्हतं.

शिक्षकांचा घोळका उठून गेला, बाई येऊन त्यांचे कप घेऊन गेली.

"त्या मुलाला विश्रांती मिळायलाच हवी," शेवटी डोरीन म्हणाली. "ईस्टरला आधी आमच्याकडे आला, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, बस, मी दोन स्तोत्रं म्हणते तोवर. ऐकलं नाही." मग तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं. "बंद कधी करणार?"

"ठरलं तर... पुढच्या वर्षाच्या शेवटी. त्याआधी नाही."

"म्हणजे पुढचं वर्षभर आम्ही आहोत."

"हो."

"मग पाच ऑगस्टला आम्ही असणार. मी असेन, हॅरॉल्ड असेल, बाकीचे नऊ असतील. मग त्या दिवशी आमच्यासाठी कोणीच प्रार्थना करायची नाही, हे कोणी ठरवलं?"

सात चर्चांचा एक पाळक, नियम, कोर्ट, आराखडा, सगळ्याची उत्तरं रोझलिंडकडे तयार होती.

"ते माझ्याकडून राहून गेलं," ती म्हणाली.

"राहून नाही गेलं, पाळकबाई. काढलंत."

हे डोरीनने रागावून म्हटलं नाही. रागावली असती तर रोझलिंडला सोसलं असतं. तिने पिशवीत पुस्तक ठेवलं, सुई ठेवली, पेनला टोपण लावून ते पर्समध्ये ठेवलं. उठायला रोझलिंडने हात पुढे केला, तो तिने घेतला, कारण गुडघ्यांना तो लागत होता. बसस्थानकापर्यंत दोघी तशाच गेल्या, हात धरून. छत्तीस नंबर उभीच होती. ड्रायव्हर बाहेर सिगारेट ओढत होता.

"रविवारी साडेदहाला या," डोरीन बसच्या दांड्याला धरून म्हणाली. "मला सांगितलंत तसंच सगळ्यांना सांगा. स्कॅरोबीचंही. मी तोवर कोणाला काही बोलणार नाही, ते माझं काम नाही. मी जबान देऊन बसलेय, ती तुम्हीच मोडा."

"येईन."

"आणि अशा कोटात येऊ नका. सगळं घालून या, तो तुमचा मोठा झगा, ते सगळं. कोणी ठरवलं ते आम्हाला नीट दिसू दे."

ती पायऱ्या चढली. एक पाय, मग दुसरा, मग काठी. खिडकीपाशी बसली आणि समोर बघत राहिली. कदाचित डोळ्यांतल्या औषधामुळे, कदाचित मुद्दाम. ड्रायव्हरने सिगारेट विझवली आणि बस निघून गेली. रोझलिंडने फोन काढून बिशपना लावला. त्यांनी लगेच उचलला. म्हणजे वाटच बघत होते.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगितलं. सगळं. रविवारी तिकडे जाऊन सगळ्यांना सांगणार आहे."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मग ते स्कॅरोबीलाही कळेल," बिशप म्हणाले.

"हो."

"आणि मग आपला आराखडा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी रागावलोय, रोझलिंड. पण आत्ता रागवायचंही त्राण नाही. उद्या रागावेन." आणि त्यांनी फोन ठेवला.

स्थानकावर पुढच्या बसची रांग लागत होती. एका बाईने तिच्या गळ्यातली पट्टी बघून ओळखीचं हसून मान हलवली आणि रोझलिंडनेही सवयीने मान हलवली. खरं बोललं की मन हलकं होतं, असं ती गेली चोवीस वर्षं लोकांना सांगत आली होती. मरणाऱ्यांना, नवरा-बायकोंना, रात्रभर न झोपलेल्या पाळकांना, अगदी खात्रीने, त्यांचा हात हातात घेऊन. तिला हलकं वाटलं नाही. दोन वाजता एका चर्चच्या पन्हळी बघायला जायचं होतं, आणि ती गाडीकडे चालू लागली.